नवीन फिंच आणलेत? जुन्यांच्या पिंजऱ्यात लगेच सोडू नका

घरी झेब्रा फिंच या छोट्या पाळीव पक्ष्यांची एक जोडी छान रमलेली असते, मग क्रॉफर्ड मार्केटला किंवा घराजवळच्या दुकानात अजून दोन दिसतात, आपण घेऊन येतो आणि त्याच संध्याकाळी दार उघडून आत सोडून देतो. मीपण हेच केलं होतं. आत घरट्यासाठी मडकं टांगलेलं, जुनी मादी त्यात ये-जा करायला लागलेली आणि नवा नर नेमका मडक्यासमोरच्या दांडीवर जाऊन बसला. जुन्याने त्याला सोडलंच नाही. अंधार झाला, मी कापड टाकलं, वाटलं आता शांत होतील. सकाळी बघतो तर नव्याच्या डोक्यामागची सगळी पिसं उपटलेली आणि तो खाली कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला. वाचला तो, पण त्याचे हाल माझ्या घाईमुळे झाले, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पहिले तीस दिवस नवा पक्षी वेगळ्या पिंजऱ्यात आणि शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा, भांडीसुद्धा वेगळी. आधी जुन्यांचं दाणापाणी करायचं, मग नव्यांचं, आणि नंतर हात साबणाने धुवायचे. बाहेरून ठणठणीत दिसणाऱ्या फिंचच्या श्वासनळीत माइट्स म्हणजे बारीक परजीवी किडे असू शकतात आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे जातात. रात्री घर शांत झालं की पिंजऱ्याजवळ कान लावून ऐका, श्वासाबरोबर टिकटिक आवाज येतोय का, शेपटी सारखी वरखाली होतेय का, गाणारा नर गप्प झालाय का. असं काही वाटलं तर पक्ष्यांचं बघणाऱ्या डॉक्टरकडेच न्या. झेब्रा फिंचचं वजन साधारण बारा ग्रॅम असतं हो, दुकानदाराने सांगितलेलं औषध अंदाजाने एक थेंब जास्त पडलं तरी जीव जाऊ शकतो.

या महिन्यात नर-मादीचा हिशोब पक्का करून घ्या. झेब्रामध्ये सोपं आहे, नराच्या गालावर नारिंगी ठिपका, गळ्या-छातीवर काळे पट्टे आणि चोच गडद लाल, मादीची चोच फिकट नारिंगी. पांढऱ्या झेब्रात मात्र चोचीवरूनच ओळखायचं, आणि काळी चोच असेल तर ते अजून पिल्लू आहे, थांबा थोडं. बेंगलीज या फिंचच्या दुसऱ्या जातीत दोघं सारखेच दिसतात, जो गातो तो नर. तीन पक्षी अजिबात ठेवू नका, दोघांची जोडी जमते आणि तिसरा मार खातो. दोन नर आणि एक मादी म्हणजे तर रोजची मारामारी. दोन जोड्या चालतात पण जागा हवी. नुसत्या माद्या सहसा शांत राहतात, नुसते नरसुद्धा चालतात, फक्त मडकं लावायचं नाही.

पिंजरा उंच नको, लांब हवा. फिंच आडवं उडतात, त्यामुळे तो उंच घुमटाचा पिंजरा दिसायला कितीही सुंदर असला तरी त्यांच्या कामाचा नाही. एका जोडीला निदान अडीच फूट, दोन जोड्यांना चार फूट लांबी द्या.

जुन्या जोडीची अंडी किंवा पिल्लं असतील तर सरळ थांबा. अंडी फुटायला बारा-चौदा दिवस, पिल्लं मडक्याबाहेर यायला अजून तीनेक आठवडे आणि स्वतः दाणे खायला लागेपर्यंत पुढे दोन-तीन आठवडे. तेवढ्यात नव्यांचा महिनाही संपतो. पिल्लं सुटी झाली की मडकं काढून टाका, कारण फिंचची खरी भांडणं मडक्यावरून होतात.

महिना झाला की दोन्ही पिंजरे आठवडाभर शेजारी ठेवा, एकमेकांना बघू दे, आवाज ओळखू दे. मग सुट्टीचा दिवस बघून सकाळीच कामाला लागा, संध्याकाळी नको, दिवसभर लक्ष ठेवता आलं पाहिजे. जुन्यांना बाहेर काढा, पिंजरा धुवा, दांड्या, भांडी सगळ्यांच्या जागा बदला. पेरूच्या किंवा जांभळाच्या फांद्या चांगल्या, औषध फवारलेल्या नकोत. सगळ्यांना वरचीच दांडी हवी असते म्हणून दोन्ही टोकांना सारख्या उंचीवर एकेक लावा. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन आणि लांब लांब, नाहीतर एकजण भांड्यावर ठाण मांडतो आणि दुसरा उपाशी. आता आधी नव्यांना सोडा, अर्ध्या तासाने जुन्यांना. जागा जुन्यांनाही अनोळखी वाटते आणि मालकीचा जोर कमी होतो.

थोडी ढकलाढकली, चोचीला चोच लावणं, नराने गात गात मागे उड्या मारणं, हे सगळं होणारच, घाबरू नका. पण एकाच पक्ष्याचा न थांबता पाठलाग, पिसं उपटणं, रक्त, किंवा कोणी तळाला बसून राहिलाय असं दिसलं तर लगेच वेगळं करायचं. काढायचं कोणाला? मारणाऱ्याला. जखमी असेल त्यालाही अर्थात वेगळं ठेवून बघावं लागतं, पण मारणारा चार-पाच दिवस बाहेर राहून परत आला की तोच नवखा असतो, बराच नरमतो.

बेंगलीज झेब्राबरोबर जमवून घेतात, तरी स्वभावाने गरीब असतात, त्यांच्यावर नजर ठेवा. बजीज (छोटे पाळीव पोपट) किंवा लव्हबर्ड्स फिंचबरोबर नकोच, पायच चावतात. आणि कोणी लाल मुनिया किंवा रंगवलेल्या मुनिया 'जमतात हो यांच्यात' म्हणून दाखवल्या तर घेऊ नका. ते आपल्याकडचे रानातले पक्षी, जाळ्यात पकडून आणलेले, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे घरात ठेवणं गुन्हा आहे.

सगळं शांत होऊन दोन आठवडे गेले, रात्री दांडीवर एकमेकांना चिकटून बसायला लागले, की मगच मडकी परत लावा. जोड्या दोन तर मडकी चार, सगळी एकसारखी आणि एकाच उंचीवर. पिल्लं नको असतील तर मडकं लावूच नका, फिंच दांडीवर निवांत झोपतात.