डेबियन आणि उबुंटू यांच्यात पॅकेजचा मेळ कसा राखावा

नाशिकच्या एखाद्या महाविद्यालयात उबुंटूवर (डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीवर आधारलेल्या प्रणालीवर) काम करणाऱ्या विद्यार्थ्याला देवनागरी फॉन्टच्या पॅकेजमध्ये (स्थापनेसाठी बांधलेल्या सॉफ्टवेअरच्या संचात) दोष आढळला, तर तो उबुंटूतच दुरुस्त करावा असे त्याला साहजिकच वाटते. परंतु उबुंटूतील बहुतेक पॅकेजेस डेबियनच्या ‘अनस्टेबल’ शाखेतून (जिथे नव्या आवृत्त्या आधी येतात) येतात आणि डेबियनमध्ये ती मूळ प्रकल्पाकडून, म्हणजे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांकडून, येतात. गंगापूर धरणातून सोडलेले पाणी रामकुंडाशी पोहोचते, रामकुंडातले पाणी मात्र धरणात चढत नाही. खाली केलेली दुरुस्तीही तशीच आपोआप वर जात नाही, ती आपणच नेऊन द्यावी लागते.

म्हणून दोष कोणत्या पातळीवरचा आहे हे आधी ठरवावे. जोडाक्षराचा आकारच चुकला असेल, तर मूळ प्रकल्पाला कळवावे. फाइल चुकीच्या जागी बसत असेल किंवा एखादे अवलंबित्व (पॅकेजला लागणारे दुसरे पॅकेज) नोंदवायचे राहिले असेल, तर ते डेबियनचे काम आहे. मात्र तेथे बग नोंदवण्यापूर्वी अनस्टेबलमध्ये पॅकेज मूळ कोडपासून स्वतः बांधून पाहावे, कारण केवळ उबुंटूवर तपासलेला पॅच (दुरुस्तीचा बदल असलेली फाइल) पाठवणे म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्या स्वयंसेवक मेंटेनरवर आपल्या वाट्याचे काम ढकलणे होय. एका पॅचमध्ये एकच बदल ठेवावा आणि त्याच्या शीर्षभागात वर्णन, लेखक, उगम व तो वर पाठवला आहे की नाही हे लिहावे. उबुंटूच्या विकसक-साधनांतील ‘सबमिटटूडेबियन’ ही आज्ञा हे काम सोपे करते.

खरी काळजी आवृत्तीच्या क्रमांकाची घ्यावी लागते. डेबियनमधील १.४-२ या पॅकेजमध्ये उबुंटूने बदल केला की ते १.४-२उबुंटू१ होते (प्रत्यक्षात हे रोमन लिपीत लिहितात), आणि त्या क्षणापासून डेबियनकडून आपोआप होणारे सिंक (नवी आवृत्ती जशीच्या तशी घेणे) त्या पॅकेजपुरते थांबते. पुढे प्रत्येक वेळी कोणीतरी हाताने मर्ज करावे लागते, म्हणजे डेबियनच्या नव्या आवृत्तीत उबुंटूचे बदल मिसळावे लागतात. आम्ही एक लहानसा पॅच वर न पाठवता दोन रिलीज तसाच वाहिला, आणि दोन्ही वेळा तेच काम नव्याने केले. काहीही न बदलता केवळ पुन्हा बांधायचे असेल, तर ‘उबुंटू१’ न जोडता ‘बिल्ड१’ जोडावे, म्हणजे सिंक चालू राहते.

मर्ज करताना तीन आवृत्त्या समोर ठेवाव्यात: समान पूर्वज असलेली डेबियनची जुनी, उबुंटूची सध्याची आणि डेबियनची नवी. चेंजलॉगमध्ये (पॅकेजमधील बदलांच्या नोंदवहीत) उबुंटूच्या उरलेल्या प्रत्येक बदलाची कारणासह नोंद करावी. माझ्या मते संपूर्ण मर्जमध्ये याहून मोलाचे काही नाही, कारण सहा महिन्यांनी येणाऱ्याला कोणता बदल टाकून देता येईल हे तेथूनच कळते. दोन्हीकडे वर्तन वेगळे ठेवणे अपरिहार्य असेल, तर रूल्स फाइलमध्ये (पॅकेज कसे बांधायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘डीपीकेजी-व्हेंडर’ ही वितरण कोणते ते सांगणारी आज्ञा वापरावी. वितरणानुसार (डेबियन, उबुंटू इत्यादींसाठी) वेगळी पॅच-मालिका ठेवण्यास डेबियनच्या धोरणात मनाई आहे.

वेळापत्रकाचे भान ठेवावे. उबुंटू एप्रिल व ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध होते, आणि त्याआधी येणाऱ्या डेबियन इम्पोर्ट फ्रीझनंतर (डेबियनकडून आपोआप घेणे थांबवण्याच्या तारखेनंतर) सिंक मागून घ्यावे लागते. डेबियनचे स्वतःचे फ्रीझ (नव्या रिलीजआधी बदलांवर घातलेली मर्यादा) चालू असताना मोठे बदल पाठवू नयेत. पॅच स्वीकारला जाऊन डेबियनमध्ये १.४-३ आले, की उबुंटूचा बदल काढून ‘रिक्वेस्टसिंक’ या आज्ञेने सिंक मागावे, १.४-३ हा क्रमांक १.४-२उबुंटू१ पेक्षा वरचा ठरत असल्याने वापरकर्त्याकडे ते नेहमीच्या अद्ययावतीकरणातच पोहोचते.