द्वीपकल्प ओळखताना या चुका टाळा, आधी चौथी बाजू बघा

तीन बाजूंना पाणी आणि एका बाजूला जमीन म्हणजे द्वीपकल्प, ही व्याख्या शाळेपासून सगळ्यांना पाठ असते, तरी नकाशा समोर आला की गडबड होतेच. मी घरी मुलांना भूगोल शिकवते आणि दरवर्षी तेच बघते, मुलं पाणी मोजत बसतात, एक बाजू, दोन बाजू, तिसरीकडे थोडंसं आहे ते धरायचं का टीचर? माझं म्हणणं एवढंच की पाणी नंतर बघा, आधी जमिनीची बाजू शोधा, म्हणजे तो तुकडा मुख्य भूमीला नक्की कुठे आणि कसा चिकटलाय ते.

आणि हे नावातच आहे. कल्प हा संस्कृत प्रत्यय 'जवळजवळ तसा, पण पुरता नाही' अशा अर्थाने लागतो, मृतकल्प म्हणजे मेल्यात जमा, तसं द्वीपकल्प म्हणजे जवळजवळ बेट, बेट व्हायला एक बाजू कमी पडली. अरबीतही असंच आहे बघा, द्वीपकल्पाला ते शिब्ह अल जझीरा म्हणतात, म्हणजे बेटासारखं, आणि त्याच जझीरा शब्दावरून आपल्या मुरुडचा जंजिरा आलाय. मुलांना हे एकदा सांगितलं की व्याख्या पाठ करावी लागत नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पुलाला जमीन समजणं. बहरीन सौदी अरेबियाला साधारण 25 किलोमीटरच्या रस्त्याने जोडलाय, 1986 पासून गाड्या थेट जातात, म्हणून बहरीन द्वीपकल्पाचा भाग होत नाही, तो बेटांचाच देश आहे. शेजारचा कतार मात्र खराखुरा द्वीपकल्प, अरबी द्वीपकल्पातूनच वर आखातात घुसलेला. मुंबईवरून तर घरोघरी वाद होतात. मूळची सात बेटं, मधल्या खाड्या बुजवून एक झाली, मग माहीमची खाडी आणि मिठी नदीच्या पलीकडच्या साष्टीला जोडली गेली, त्यामुळे नकाशात दक्षिण मुंबई साष्टीला लटकलेल्या द्वीपकल्पासारखी दिसते, पण अख्खी साष्टी बघा, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, म्हणजे ते बेट आहे, आपण रोज लोकलने खाडी ओलांडतो आणि लक्षातही येत नाही.

भरती-ओहोटीचंही तेच. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं म्हणून काही जण त्याला द्वीपकल्प म्हणतात, पण भरती आली की चारही बाजूंना पाणी, त्यामुळे ते बेटच. रत्नागिरीचा रत्नदुर्ग वेगळा, तिथे तिन्हीकडे समुद्र आणि एकीकडे कायमची जमीन. सिंधुदुर्गला होडीने जावं लागतं आणि इथे रस्त्याने जाता येतं, मुलांना फरक समजावायचा तर मी हेच दोन किल्ले घेते.

ही जोडणारी बाजू किती रुंद असावी याला काही नियम नाही. क्रिमिया युक्रेनच्या मुख्य भूमीला पेरेकोपच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलाय, जेमतेम 5 ते 7 किलोमीटर, आणि अशा पट्टीला संयोगभूमी म्हणतात. मलाय द्वीपकल्पाची क्रा संयोगभूमी सगळ्यात अरुंद जागी 44 किलोमीटरच्या आसपास भरते. उलट आपला भारतीय द्वीपकल्प वरती इतका रुंद की तो नक्की कुठे सुरू होतो यावरच गोंधळ होतो. इथे एक चूक मोठी माणसंपण करतात, द्वीपकल्पीय पठार आणि द्वीपकल्प एकच समजतात. पठार खडकांवरून ठरवलंय, म्हणून त्यात माळवा, छोटा नागपूर आणि पार मेघालयसुद्धा येतो, जिथून समुद्र दिसतही नाही. पाण्याने वेढलेला भाग म्हणजे खाली कन्याकुमारीपर्यंत निमुळता होत गेलेला. आणि हो, कन्याकुमारी हे मुख्य भूमीचं दक्षिण टोक, देशाचं नाही, देशाचं टोक ग्रेट निकोबारवरचं इंदिरा पॉइंट.

टोक म्हणजेच द्वीपकल्प असंही धरू नका, टोकाला भूशिर म्हणतात, तो द्वीपकल्पाचा एक बिंदू झाला.

नकाशात द्वीपकल्प सापडतच नसेल तर एक करा, आखातांच्या जोड्या शोधा. कच्छचं आखात आणि खंबातचं आखात दिसलं की मधे सौराष्ट्र सापडतो, सुएझ आणि अकाबाची आखातं दिसली की मधला त्रिकोण म्हणजे सिनाई. फार झूम करून बघू नका, मग किनाऱ्याचा प्रत्येक कोपरा द्वीपकल्प वाटायला लागतो, आणि फार लांब गेलात तर अख्खा युरोप हाच आशियाला चिकटलेला द्वीपकल्प दिसतो, जे तसं खोटंही नाही.

भारत, इटली, कोरिया, कामचाटका, फ्लोरिडा हे सगळे दक्षिणेकडे लोंबतात म्हणून मुलं उत्तरेकडे बघतच नाहीत. मेक्सिकोचा युकातान उत्तरेकडे जातो, ऑस्ट्रेलियाचा केप यॉर्कही, आणि डेन्मार्कचा जटलंडपण. त्यावरून आठवलं, डेन्मार्कला स्कँडिनेव्हियन द्वीपकल्पात टाकू नका, त्यात नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडचा थोडा उत्तरेकडचा भाग येतो, डेन्मार्क आहे जटलंडवर आणि बेटांवर, त्याची राजधानी कोपनहेगनसुद्धा बेटावरच आहे. तसंच आयबेरियन म्हणजे एकटा स्पेन नाही, पोर्तुगालपण लिहा, त्याचे मार्क हमखास जातात.