काळ्या मातीच्या बागेत दिवे बसवताना

नागपुरात बागेतले दिवे पहिल्याच पावसात बंद पडतात, ते बहुतेक वेळा जमिनीखालच्या जोडामुळे. इथली काळी माती नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, भेगाळते आणि मृगाचा पाऊस पडला की फुगते. या ओढाताणीत टेप गुंडाळलेला जोड सैल होतो, आत पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. म्हणून जमिनीखाली एकही जोड ठेवायचा नाही आणि केबल कुठेही ताणून टाकायची नाही, हे आधीच ठरवून घ्या.

खोदकाम दिवाळी ते फेब्रुवारीत उरका. मे महिन्यात या मातीवरून सब्बल (पहार) उसळते आणि जुलैत चर पाण्याने भरतो.

बागेत २३० व्होल्ट नेऊच नका. २४ व्होल्ट डीसीचे दिवे घ्या. १२ व्होल्टचे सहज मिळतात, पण लांब अंतरावर ते मंद पडतात. ५ वॉटचे ८ दिवे म्हणजे ४० वॉट. सगळा भार २० मीटर लांब टोकाला आहे असं धरलं, तर २.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये १२ व्होल्टवर साधारण १ व्होल्ट वाटेतच जातो, म्हणजे ८ टक्के. २४ व्होल्टवर ही घट अर्धा व्होल्ट, जेमतेम २ टक्के. ड्रायव्हर, म्हणजे २३० व्होल्टचे २४ व्होल्ट डीसी करणारा डबा, ६० वॉटचा घ्या, पूर्ण क्षमतेवर चालवू नका. तो आयसोलेटेडच हवा. स्वस्त ड्रायव्हरमध्ये मेन्स (२३० व्होल्टची बाजू) आणि आउटपुट पूर्ण वेगळे नसतील, तर २४ व्होल्टच्या तारेतूनही झटका बसू शकतो.

ड्रायव्हर आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाऊ देणाऱ्या) बॉक्समध्ये, जमिनीपासून किमान दीड फूट वर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर लावा. पश्चिमेच्या भिंतीवर पारा ४५ अंशांपलीकडे असताना दुपारचं ऊन थेट बॉक्सवर पडतं आणि ड्रायव्हर लवकर जातो. त्याला घरातल्या डीबीतून (विजेच्या मुख्य बोर्डातून) स्वतंत्र लाइन द्या: ६ अँपिअरची डबल पोल एमसीबी (जादा करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग. कूलरच्या प्लगमधून लाइन काढू नका. कूलरच्या पाण्यामुळे आरसीसीबी पडली की बागही अंधारात जाते आणि दोष कुठे आहे तेच कळत नाही. २३० व्होल्टचं हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. एक गोष्ट नीट समजून घ्या: ड्रायव्हरनंतरच्या २४ व्होल्टच्या बाजूचा बिघाड ही आरसीसीबी ओळखत नाही, त्यामुळे पुढची काळजी केबल आणि जोडांतच घ्यावी लागते.

खोदण्यापूर्वी नळाच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांची जागा पाहून चुन्याने आखणी करा. संत्र्याच्या झाडाच्या घेराबाहेरून वळसा घ्या, कारण अन्न शोषणारी मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. चर एक फूट रुंद, दीड फूट खोल पुरे. नाइलाजाने २३० व्होल्टची केबल जमिनीतून न्यावीच लागली, तर ती आर्मर्ड हवी आणि ७५ सेंटिमीटर खोल.

तळाला ७५ मिमी रेती, त्यावर ५० मिमीचा डीडब्ल्यूसी (दुहेरी भिंतीचा, बाहेरून वळ्यावळ्यांचा प्लास्टिक) पाइप, पुन्हा ७५ मिमी रेती. २० मीटर चराला साधारण ३२ घनफूट रेती लागते, म्हणजे ब्रासचा (१०० घनफुटांचा) तिसरा हिस्सा. त्यावर मुरूम भरून थोडा थोडा ठोका. खोदलेली काळी माती परत चरात टाकू नका, ती पुन्हा फुगेल. पृष्ठभागापासून अर्धा फूट खाली धोक्याची पिवळी पट्टी पसरा. पाइपाची टोकं सीलंटने बंद करा, नाही तर पाणी आत येतं, उंदीरही येतात.

जमिनीत गाडलेले, वर प्रकाश टाकणारे अपलाइट इथे टाळा. खाली गिट्टी भरली तरी काळी माती पाणी मुरू देत नाही आणि तो खड्डा बादलीसारखा भरून राहतो. मातीत खोचायचे स्पाइकचे दिवेही ओल्या मातीत कलतात. बोलार्ड, म्हणजे बुटक्या खांबाचे दिवे, बरे. त्यासाठी प्रत्येकी एक फूट खोल खड्ड्यात मुरूम ठोकून वर ८ इंचांचा काँक्रीटचा ठोकळा ओता, जमिनीपेक्षा २ इंच उंच. पाइपाचं वळण ओतण्याआधीच ठोकळ्यात बसवा. केबल एका दिव्यातून दुसऱ्या दिव्यात लूप करा, म्हणजे जोड बोलार्डच्या पोटात, जमिनीच्या वर राहतात. तिथे जेल भरलेले कनेक्टर वापरा. दिवा रात्री तापतो, विझल्यावर थंड होतो आणि त्या वेळी ओली हवा आत ओढतो. म्हणून ग्लँड, म्हणजे केबल दिव्यात शिरते तिथलं घट्ट बसणारं तोंड, केबलच्या जाडीचाच हवा. प्रत्येक दिव्यापाशी दीड फूट जादा केबल गुंडाळून ठेवा.

चर बुजवण्याआधी ड्रायव्हर आणि दिवे वेगळे करून केबलचं इन्सुलेशन तपासा. २५० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या यंत्रावर) किमान अर्धा मेगओहम यायला हवा. नवी केबल याच्या कितीतरी पट जास्त दाखवते, अर्ध्या मेगओहमपेक्षा कमी आलं तर ती बहुधा कुठेतरी सोललेली आहे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबा. जूनच्या सुरुवातीला, पाऊस येण्याआधी, ग्लँड आणि झाकणं आवळून घ्या.

उघड्या चराचे फोटो काढा, भिंतीपासूनची मापं लिहून नकाशा डीबीच्या दाराच्या आत चिकटवा. नवं झाड लावायला माळी कुदळ मारणार असेल, तेव्हा आधी हा कागद त्याला दाखवा.