गुडघ्याचा कोन सरकत होता, तो असा थांबवला

पांडवलेणीच्या पायऱ्या उतरून पाय सरळ केला, तरी गुडघ्याचा कोन शून्याऐवजी १२ अंश दिसायचा. गुडघा किती वाकतो ते मोजायला मांडीवर एक, पोटरीवर एक असे दोन एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारे सेन्सर) बांधले होते. दुसऱ्याची एडी-० पिन (सेन्सरचा पत्ता ठरवणारी) ३.३ व्होल्टला, म्हणजे दोघांच्या पत्त्यांची टक्कर नव्हती. दोष जायरोच्या (सेन्सरमधला फिरण्याचा वेग मोजणारा भाग) शून्यात, म्हणजे पाय स्थिर असतानाच्या त्याच्या नोंदीत होता. घरात घेतलेलं शून्य नाशिकच्या पहाटेच्या थंडीत टिकत नाही, तापमानाबरोबर सरकतं. आता बाहेर १० मिनिटं थांबून, पाय अजिबात न हलवता ५०० नोंदींची सरासरी वजा करतो. पुढे सेकंदाला १०० नोंदी, पूरक फिल्टर (दोन मापं ठराविक वाट्याने मिसळणारं गणित): जायरोला ०.९८, ॲक्सेलरोमीटरला (गुरुत्वाकर्षणावरून कल मोजणारा भाग) ०.०२; पाऊल आपटताना ॲक्सेलरोमीटर फसतो, म्हणून त्याचा वाटा इतका कमी. पोटरीवरचा सेन्सरही काढला. स्नायू फुगला की सेन्सर तिरपा होतो. त्याऐवजी तो नडगीच्या आतल्या बाजूच्या सपाट हाडावर रुंद इलॅस्टिकने बसवा.