अमेरिकेत एकट्याने छोट्या ट्रिपा कशा करायच्या: एक वीकेंड, एक गाव

अमेरिकेत नोकरीला, शिकायला किंवा मुलांकडे आलेल्या आपल्यातल्या बऱ्याच जणांचं फिरणं दोनच प्रकारांत अडकतं. एक तर तीन-चार कुटुंबं मिळून मिनीव्हॅन भरून नायगारा, नाहीतर "सोबत कोणी नव्हतं म्हणून राहूनच गेलं". मधला मार्ग आहे आणि तो फार मजेचा आहे. शुक्रवारी संध्याकाळी एक सॅक पाठीला लावायची, एखाद्या राज्यातलं एकच गाव गाठायचं, दोन रात्री राहायचं आणि रविवारी घरी. मी एकटी अशी फिरत आलेय, ट्रेनने, बसने, विमानाने, भाड्याच्या गाडीने, आणि माझं मत आता पक्कं झालंय की एका वीकेंडला एकच गाव करावं, कारण तीन दिवसांत चार राज्यं शिवून येणाऱ्यांच्या लक्षात शेवटी हायवे आणि गॅस स्टेशनंच राहतात. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय.

पायरी १: राज्य नको, गाव निवडा

पहिल्या दोन-तीन ट्रिपांसाठी एकच कसोटी लावा, तिथे गाडीशिवाय फिरता येतं का. अमेरिकेत हे सगळीकडे जमत नाही, पण जिथे जमतं तिथे एकट्या माणसाची चैन असते, कारण पार्किंग शोधायला नको, रस्ता बघत गाडी चालवायला नको आणि वाटेल तिथे थांबता येतं.

शिकागो सगळ्यात सोपं. ओहेअर एअरपोर्टवरून ब्लू लाइन नावाची मेट्रो थेट डाऊनटाऊनला नेते आणि ती रात्रभर चालू असते. नदीतली आर्किटेक्चर बोट टूर करा, तासा-दीड तासात अख्ख्या शहराच्या इमारती समजतात. आर्ट इन्स्टिट्यूटला तर जाच, त्याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केलं होतं, आणि एकटं असलं की तिथे हवा तेवढा वेळ थांबता येतं, कोणी बाहेर ताटकळत नसतं.

जॉर्जियातलं सवाना हे दुसरं. १७३३ मध्ये ओगलथॉर्प नावाच्या इंग्रजाने वसवलेलं गाव, पुढे वाढत वाढत एकूण चोवीस छोटे चौक-बागा झाल्या, त्यातल्या बावीस आजही आहेत. एका चौकातून दुसऱ्यात चालत जायचं, ओकच्या फांद्यांवरून लोंबणाऱ्या स्पॅनिश मॉस या करड्या, जटांसारख्या वनस्पतीखालच्या बाकावर बसायचं, परत उठायचं, झाली ट्रिप. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, तिथला उकाडा आपल्या कोकणातल्या मे महिन्यासारखा अंगाला चिकटतो, आणि १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेच्या आसपासही टाळा, हॉटेलचे भाव आभाळाला भिडतात.

ईस्ट कोस्टवाल्यांसाठी मेन राज्यातलं पोर्टलंड. बॉस्टनहून ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची डाऊनईस्टर नावाची ट्रेन अडीचेक तासांत पोचवते. एक लक्षात ठेवा, न्यूयॉर्कची ट्रेन बॉस्टनला साऊथ स्टेशनात येते आणि ही नॉर्थ स्टेशनातून सुटते, तेव्हा मध्ये तासभर तरी हाताशी ठेवा. पोर्टलंडच्या धक्क्यावरून पीक्स आयलंडला वीसेक मिनिटांची फेरी बोट आहे, बेटावर सायकल भाड्याने घ्यायची आणि चक्कर मारायची. १७९१ चं पोर्टलंड हेड लाइटहाऊस मात्र शहराबाहेर आहे, तिथे उबर करावी लागेल.

पायरी २: तारीख

लाँग वीकेंडला जायचा मोह सगळ्यांनाच होतो, म्हणूनच मेमोरियल डे, लेबर डे आणि थँक्सगिव्हिंगला भाडी दुप्पट आणि रांगा मोठ्या. एकट्याचा मोठा फायदा हा की कोणाच्या शाळेच्या सुट्ट्या सांभाळायच्या नसतात, तेव्हा साधा एखादा सप्टेंबर-ऑक्टोबरचा किंवा एप्रिलचा वीकेंड धरा, जमलं तर सोमवारी एक सुट्टी टाका. आधी तिकीट बघा, मग राहायचं बघा, आणि दोन्ही जमलं तरच बुक करा.

पायरी ३: कागदपत्रं

हा भाग रटाळ आहे पण सोडू नका. व्हिसावर असाल तर देशातल्या देशात फिरतानाही मूळ पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) ची प्रिंट आणि तुमच्या स्टेटसचा कागद (विद्यार्थ्यांनी कॉलेजने दिलेला आय-२०) बरोबर घ्या. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, टेक्सासमध्ये मेक्सिकोच्या सीमेपासून बऱ्याच आत हायवेवर बॉर्डर पेट्रोलचे चेकपॉइंट असतात, तिथे गाडी थांबवून विचारतात आणि फोनमधला फोटो पुरेलच असं नाही. सगळ्याची एक कॉपी घरी कोणाकडे तरी ठेवा.

पायरी ४: राहायचं कुठे

एकट्याच्या ट्रिपेत सगळ्यात महाग पडते ती खोली, कारण भाडं खोलीचं असतं, माणसाचं नाही. मोठ्या शहरांत हॉस्टेलिंग इंटरनॅशनलची हॉस्टेलं स्वच्छ आणि मोक्याच्या जागी आहेत, बायकांची वेगळी डॉर्म म्हणजे अनेक बेडची सामायिक खोली मिळते, किचन असतं, आणि चाळिशी-पन्नाशीची माणसंही आरामात उतरतात, तेव्हा वयाचा संकोच नको. छोट्या गावात मोटेल घेतलंत तर ब्रेकफास्टवालं बघा आणि रूमचं दार आतल्या कॉरिडॉरमध्ये उघडणारी जागा निवडा. चेक-इनच्या वेळी डेस्कवरच्या माणसाने सगळ्यांसमोर रूम नंबर मोठ्याने सांगितला तर सरळ दुसरी रूम मागा, कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

राहण्याची जागा चालत फिरता येईल अशा भागातच घ्या. वीस डॉलर वाचवून हायवेच्या एक्झिटवर राहिलात तर संध्याकाळ वाया जाते, आणि संध्याकाळीच तर गाव बघायचं असतं.

पायरी ५: दोन दिवस कसे लावायचे, सँटा फेचं उदाहरण

न्यू मेक्सिकोची ही राजधानी माझं सगळ्यात लाडकं गाव, म्हणून जरा सविस्तर सांगते. विमान आल्बुकर्कीला उतरतं. तिथून डाऊनटाऊन स्टेशनला यायचं आणि रेल रनर नावाची लोकल ट्रेन पकडायची, दीडेक तासात सँटा फे. वीकेंडला गाड्या मोजक्याच असतात, तेव्हा विमान बुक करण्याआधी ट्रेनचं टाइमटेबल उघडा, उलटं करू नका. या ट्रेनची दारं बंद होताना कार्टूनमधल्या रोडरनरसारखा "बीप बीप" आवाज येतो, पहिल्यांदा ऐकून सगळा डबा हसतो. वाटेत प्युब्लो या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनी लागतात, तिथे फोटो काढू नका अशी विनंती असते, ती पाळा.

स्टेशन रेलयार्डमध्ये आहे, शनिवारी सकाळी तिथेच शेतकऱ्यांचा बाजार भरतो. गाव सात हजार फुटांवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही खूप उंच, पहिल्या दिवशी जिन्यावर धाप लागते, पाणी पीत राहा आणि डोंगर चढायचा बेत दुसऱ्या दिवशी ठेवा. पहिल्या सकाळी फक्त प्लाझा, म्हणजे गावातला मधला चौक. १६१० च्या सुमारास बांधलेला पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स तिथे आहे, बुटका, मातीच्या रंगाचा, आणि त्याच्या लांबलचक पडवीत नेटिव्ह अमेरिकन कारागीर चादर अंथरून चांदीचे, फिरोजाचे दागिने, मडकी मांडून बसलेले असतात. इथे फक्त स्वतः किंवा घरच्यांनी बनवलेली वस्तूच विकता येते, असा त्या पॅलेसमधल्या म्युझियमचा नियम आहे. खाली बसून "हे तुम्ही बनवलंत का" एवढं विचारा, मग चांदीवर ठसा कसा उठवतात, कुठला दगड कुठल्या खाणीतला, हे ती माणसं हातात घेऊन दाखवतात. ग्रुपमध्ये असताना मागून कोणीतरी "चला चला" करतंच, एकटं असलं की त्या पडवीत सकाळ जाते.

दुपारी चित्रकार जॉर्जिया ओकीफचं म्युझियम, संध्याकाळी कॅन्यन रोडच्या गॅलऱ्या बाहेरूनच बघत चालायचं. जेवायला गेलात की वेटर विचारणार "रेड ऑर ग्रीन?", म्हणजे लाल मिरचीचा रस्सा की हिरवीचा, आणि दोन्ही हवे असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं. आपल्या जिभेला हे जेवण फार जवळचं वाटतं. शाकाहारी असाल तर दोन प्रश्न नक्की विचारा, बीन्समध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी आहे का आणि चिलीच्या रश्श्यात मांस किंवा चिकनचा स्टॉक आहे का.

यातून घ्यायचं ते एवढंच की दिवसाला एक ठरलेली गोष्ट, एक जमलं तर, आणि बाकी वेळ मोकळा.

पायरी ६: गाडी घ्यायची वेळ आली की

दोन-तीन ट्रिपा झाल्या की गाडी घ्या. पंचविशीच्या आत असाल तर भाड्यावर जादा फी लागते, एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडली तरी लागते. इन्शुरन्सचं काउंटरवर ठरवू नका, तुमच्या क्रेडिट कार्डात काय येतं ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. भारतातून फिरायला आला असाल तर आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट काढूनच निघा. पंपावर कार्ड घातलं की झिप कोड मागतात, भारतातलं कार्ड असेल तर आत जाऊन पैसे भरा. न्यू जर्सीत मात्र पेट्रोल स्वतः भरायला परवानगीच नाही, तिथे गाडीतच बसून राहायचं.

स्टॉप साइनला रस्ता रिकामा असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर थांबा, मध्ये डिव्हायडर नसेल तर समोरून येतानाही. पोलिसाने मागे दिवे लावले तर उजवीकडे घ्या, गाडीतून उतरू नका, हात स्टिअरिंगवर ठेवा. नेवाडा, युटा, ॲरिझोनात टाकी अर्धी झाली की भरा, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, कारण तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर येतात.

पायरी ७: नॅशनल पार्क

पार्क एकट्याने जरूर करा, पण शटल असलेलं निवडा. ग्रँड कॅन्यनचा साऊथ रिम म्हणजे दरीचा दक्षिण कडा वर्षभर उघडा असतो आणि आत फुकट बस फिरतात, विल्यम्स गावातून थेट रिमपर्यंत ट्रेनही जाते. युटातलं झायन, मेनमधलं अकेडिया इथेही सीझनमध्ये बस आहेत. ग्रँड कॅन्यनच्या दरीत खाली उतरताना फार सोपं वाटतं, पण उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याच्या नादी लागू नका, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. नॅशनल पार्क सर्व्हिसचं ॲप घेऊन ते पार्क ऑफलाइन सेव्ह करा, गुगल मॅपही, कारण आत रेंज नसते. सगळ्या नॅशनल पार्कांचा वर्षाचा पास अमेरिकेत राहणाऱ्यांना ८० डॉलर आहे, बाहेरून आलेल्यांना २०२६ पासून २५०, तेव्हा आईबाबांना घेऊन जाणार असाल तर आधी हिशोब करा.

पायरी ८: खाणं आणि एकटेपण

एकटं जेवायला बसायचा संकोच बऱ्याच जणांना ट्रिपेपेक्षा मोठा वाटतो. टेबल मागू नका, काउंटरची खुर्ची मागा. लगेच जागा मिळते, ड्रिंक घ्यावंच लागतं असं नाही, आणि शेजारचा माणूस हमखास कुठून आलात विचारतो, गावातल्या चांगल्या जागा अशाच कळतात. बिलावर टॅक्स वेगळा आणि वर अठरा-वीस टक्के टिप धरूनच बजेट करा. सॅकमध्ये तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी असू द्या, रात्री उशिरा पोचलात तर किचनं बंद झालेली असतात. कॅलिफोर्नियात रस्त्याने शिरताना फळं-भाज्या तपासतात, एवढं ध्यानात ठेवा.

पायरी ९: घरच्यांना काय सांगायचं

एका माणसाला, फक्त एकाच, सगळं लिहून द्या: फ्लाइट, हॉटेल, गाडीचा नंबर, कुठल्या ट्रेलवर किती वाजता जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. फॅमिली ग्रुपवर टाकलं की सगळ्यांना वाटतं दुसरा कोणीतरी बघेल. लाइव्ह लोकेशन चालू ठेवा, पण सोशल मीडियावरचे फोटो परत आल्यावर टाका. गाडीत बाहेरून दिसेल असं काही ठेवू नका, रिकामी पिशवीसुद्धा नको, सॅन फ्रान्सिस्कोत तर नाहीच. अडचण आली तर ९११ हा आणीबाणीचा नंबर फिरवा.

परतीचं विमान रविवारचं शेवटचं घेऊ नका, त्याच्या आधीचं घ्या, म्हणजे ते रद्द झालं तरी अजून एक असतं. आणि वेळेचा फरक मोजा: सँटा फेहून ईस्ट कोस्टला येताना घड्याळ दोन तास पुढे जातं, ॲरिझोना बहुतेक ठिकाणी घड्याळ बदलतच नाही म्हणून तिथून उन्हाळ्यात तीन तास आणि हिवाळ्यात दोन, तेव्हा दुपारी चारला निघालेलं विमान मधला स्टॉप धरून घरी मध्यरात्रीनंतरच पोचवतं आणि सोमवारी सकाळची मीटिंग असेल तर ती आधीच दुपारवर ढकला.