होमोसिस्टीन ३८ वरून १२

इंदूरच्या रामबागेतल्या घरी पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि मला कळलंच नाही. बायको म्हणाली, "आता दाखवाच." तळव्यांना मुंग्या कधीच्याच येत होत्या, मी त्या वयाच्या खात्यावर टाकून मोकळा झालो होतो.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल) ३८. साधारण १५ पर्यंत चालतं. लॅबवाल्याने "काका, हार्टचा धोका आहे" म्हणत आणखी एक पॅकेज गळ्यात मारायला बघितलं. रात्रभर झोप नाही.

डॉक्टरांनी मात्र आधी बी-१२ तपासलं. १३०, म्हणजे कमी. मग विचारलं, "मेटफॉर्मिन, ती मधुमेहाची गोळी, किती वर्षं?" अकरा. "अंडं?" घरात चालत नाही, म्हणजे जेवणातूनही बी-१२ कमीच. तिथेच गणित सुटलं. होमोसिस्टीन शरीरात तयार होतंच. बी-१२ आणि फोलेट त्याचं पुन्हा मेथिओनिन, म्हणजे शरीराला लागणारं दुसरं अमिनो आम्ल, करतात. बी-१२ कमी पडलं की ते रक्तात साचतं. आणि मेटफॉर्मिनने बी-१२ नीट शोषलं जात नाही, हे अकरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं! नुसतं फॉलिक ॲसिड घेऊ नका, असंही त्यांनी बजावलं. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, पण बी-१२ अभावी नसा बिघडतच राहतात.

आधी इंजेक्शनं, मग रोजची गोळी. मेटफॉर्मिन चालूच. तीन महिन्यांनी होमोसिस्टीन १२. मुंग्या गेल्या, डावा अंगठा अजून बधिरच आहे.

"म्हणजे हार्ट वाचलं ना?" डॉक्टर हसले. २००६ साली आलेल्या होप-२ या मोठ्या वैद्यकीय चाचणीत जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, पण हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. तेव्हा बीपीची गोळी चालू, सराफ्यातली रात्रीची खाण्याची वारी बंद.