झोपताना एकच खटका

रात्री पाणी प्यायला उठलो, तर अंधारात घरभर बारीक दिवे लुकलुकत होते. सेट-टॉप बॉक्सला हात लावला, चांगलाच गरम! टीव्ही रिमोटने बंद करून तीन तास झाले होते. म्हणजे बंद दिसणारी उपकरणंही वीज खात होती; असे 10 वॉट अखंड चालू राहिले तर वर्षाला सुमारे 88 युनिट होतात. दुसऱ्याच दिवशी टीव्ही, बॉक्स, स्पीकर, कॉम्प्युटर सगळे स्विचवाल्या एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले. राउटर मात्र वेगळा, नाहीतर घरात भांडणं.

कॉम्प्युटरचा स्क्रीनसेव्हरही काढला; त्यात स्क्रीन चालूच राहते, वीज कसली वाचतेय! आता 10 मिनिटांनी मॉनिटर आपोआप बंद होतो. बोर्डाचा खटका पाडण्याआधी कॉम्प्युटर नीट शटडाउन करायचा. एकदा विसरलो, अर्धं पान लिहिलेलं गेलं.